चेनमेलचे दागिने घरी बनवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चेनमेल म्हणजे नेमकं काय? दुकानातल्या साखळीत आणि यात फरक काय?

सुट्या गोल कड्या पकडीने उघडायच्या, एकमेकींत ओवायच्या आणि पुन्हा मिटवायच्या. एवढंच. धातू जोडायचा डाख नाही, डिंक नाही, आच नाही. साध्या साखळीत एक कडी पुढच्या एकाच कडीत अडकते. चेनमेलमध्ये एक कडी तीन, चार, कधी सहा कड्यांत एकाच वेळी अडकते, त्यामुळे साखळीला वीण येते आणि ती कापडासारखी किंवा दोरासारखी वागते. आपला गोफ दिसायला जवळचा वाटतो, पण तो तारेचा विणलेला असतो. त्यात अशा सुट्या, मिटवलेल्या कड्या नसतात.

हे चिलखतातूनच आलं ना?

हो. प्रतापगडाच्या भेटीत, १६५९ साली, शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातल्याचं वर्णन मराठी वाचकाला नवं नाही. त्या काळच्या लढाऊ चिलखतात कड्यांची टोकं बहुधा चपटी करून, भोक पाडून रिव्हेटने जोडलेली असत, कारण नुसती मिटवलेली कडी भाल्याच्या टोकाने उघडते. लोखंडाच्या कड्यांत पितळेच्या कड्या मिसळून जाळीत चौकडी किंवा नक्षी उठवण्याची पद्धत भारतात होती. दोन धातूंच्या त्या मेळाला गंगाजमनी म्हणतात. दागिन्यात रिव्हेट लागत नाही. तिथे शत्रू म्हणजे ओढणीचा धागा आणि लहान मूल.

सुरुवातीला काय काय घ्यावं?

दोन पकडी, तार किंवा तयार कड्या, एक सेफ्टी पिन, एक गडद रंगाचा कापडी रुमाल. बाकी सगळं नंतर.

पकडी मात्र नीट बघून घ्या. इलेक्ट्रिशियनची पक्कड चालत नाही, तिच्या जबड्याला दाते असतात आणि तांब्यावर प्रत्येक वेळी ओरखडे उठतात. दागिने बनवणारे वापरतात तशा ११ ते १३ सेंमी लांबीच्या, गुळगुळीत जबड्याच्या, स्प्रिंग असलेल्या दोन पकडी घ्या: एक चपट्या तोंडाची आणि एक निमुळत्या तोंडाची, किंवा दोन्ही चपट्या. मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि झवेरी बाजाराच्या आसपास, पुण्यात बोहरी आळीत अशी हत्यारं मिळतात. नवीन पकडीच्या जबड्याची कड धारदार असेल तर बारीक पॉलिश पेपरने ती मोडून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते न केल्यामुळे अनेकांची पहिली साखळी खरवडलेली दिसते.

गडद रुमाल कशाला? कड्या घरंगळत नाहीत आणि तांबं त्यावर उठून दिसतं.

तार कोणती घ्यावी?

पहिल्या कामासाठी तांबं, १८ नंबर. स्वस्त, मऊ, आणि चूक झाली तरी दोन-तीनदा उघडता येतं. वाईंडिंगच्या दुकानात मिळणाऱ्या तारेवर लाखेसारखा थर असतो. ती सुरुवातीला छान चमकते, पण पकडीखाली थर खरवडला जातो आणि कडी चट्ट्यापट्ट्याची दिसते, म्हणून नागडी तारच मागा. घराच्या वायरिंगमधून काढलेली तार बहुधा अनेक बारीक तारांची पिळलेली असते, तिचा उपयोग नाही.

पितळ तांब्यापेक्षा कडक आणि दिसायला सोन्याच्या जवळचं. स्टेनलेस स्टील टिकाऊ, काळं पडत नाही, पण बोटांची परीक्षा घेतं; दुसऱ्या-तिसऱ्या कामासाठी राखून ठेवा. अॅल्युमिनियम तांब्याच्या एक तृतीयांशाहूनही हलकं, म्हणून मोठ्या कानातल्यांना उत्तम. मात्र हस्तकलेच्या दुकानातली रंगीत, बोटांनी वाकणारी अॅल्युमिनियमची तार घेऊ नका. तिची कडी घातल्या घातल्या अंडाकृती होते. जीआय तार, म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी तार, सरावाला चालेल, अंगावर घालायला नाही: जस्ताचा थर घामाने पांढरा, पावडरीसारखा सुटतो.

चांदी सगळ्यात शेवटी. १८ नंबरची चांदीची एक बांगडीसाखळी सहज ४० ग्रॅमच्या आसपास जाते.

नंबर म्हणजे किती जाडी? परदेशी व्हिडिओत सांगितलेली तार आणि इथली तार जुळत नाही.

जुळणारच नाही, कारण नंबर मोजायच्या दोन पद्धती आहेत. आपल्या दुकानात सहसा एसडब्ल्यूजी, म्हणजे ब्रिटिश पद्धत चालते. अमेरिकेत एडब्ल्यूजी, म्हणजे तिथली अमेरिकी पद्धतही चालते, आणि तिथले चेनमेलवालेसुद्धा साध्या धातूला एक आणि चांदीला दुसरा नंबर सांगतात. १८ एसडब्ल्यूजी म्हणजे १.२२ मिमी, १८ एडब्ल्यूजी म्हणजे १.०२ मिमी. २० एसडब्ल्यूजी ०.९१ मिमी, २० एडब्ल्यूजी ०.८१. १६ एसडब्ल्यूजी १.६३ मिमी, आणि गंमत म्हणजे १४ एडब्ल्यूजीसुद्धा १.६३.

दोन दशांश मिलिमीटरचा फरक क्षुल्लक वाटतो, पण त्यानेच विणी बिघडतात. नंबर विसरा, जाडी मिमीत मागा आणि कॅलिपरने मोजून घ्या.

सगळे ज्याच्याबद्दल बोलतात ते 'एआर' काय आहे?

आस्पेक्ट रेशो, म्हणजे कडीचा आतला व्यास भागिले तारेची जाडी. या छंदात हा एक आकडा कळला की बाकीचं सोपं, आणि तो न कळता कितीही व्हिडिओ पाहिले तरी वीण कधी जमते, कधी जमत नाही.

उदाहरण: १.२२ मिमीची तार, कडीचा आतला व्यास ४.१ मिमी. गुणोत्तर ३.३६, म्हणजे ३.४ धरा. प्रत्येक विणीला तिचं गुणोत्तर लागतं. बायझंटाइनला ३.५ च्या आसपास छान बसतं, ३.२ च्या खाली साखळी काठीसारखी ताठ होते आणि शेवटची कडी आत जाईना म्हणून लोक पकडीने जबरदस्ती करतात. ४ च्या वर गेलं की गाठी सैल पडतात आणि वीण आपोआप उलगडल्यासारखी दिसते. युरोपियन चार-एकात (एका कडीत चार कड्या) ही वीण बरीच सहनशील आहे, ३.५ ते ४.५ कुठेही चालते. जेन्स पिंड नावाची दोरासारखी वीण अगदी हट्टी: ३ च्या आसपासच. ३.४ ची कडी घेतलीत तर ती दिसायला विस्कटलेली होते, आणि बरेच जण स्वतःच्या हाताला दोष देत बसतात. फुल पर्शियनला उलट ५ पेक्षा जास्त लागतं.

यातून एक सोयीची गोष्ट निघते. विणीचा आकार मोठा किंवा लहान करायचा असेल तर तार आणि व्यास दोन्ही त्याच प्रमाणात बदला. ०.९१ मिमीच्या तारेला ३.१ मिमी व्यास घेतला की तीच बायझंटाइन, नाजूक.

कड्या विकत घ्याव्यात की घरी कराव्यात?

पहिल्या कामाला विकत, शक्य असेल तर. पण बाजारात 'जंप रिंग' म्हणून मिळणाऱ्या बहुतेक कड्या पाकिटावर बाहेरच्या व्यासाने विकल्या जातात, आणि त्यांची जाडी ०.७ ते ०.८ मिमी असते. पाकिटावर '६ मिमी' लिहिलं आणि तार ०.८ असेल तर आतला व्यास ४.४, गुणोत्तर ५.५. अशा कड्यांनी बायझंटाइन केलीत तर ती लोंबकळेल. शिवाय त्या बऱ्याचदा लोखंडी, वरून मुलामा दिलेल्या असतात. चुंबक लावून बघा.

घरी कड्या कशा करायच्या?

४ मिमीची स्टीलची विणकामाची सुई घ्या. तारेच्या टोकाचा छोटा काटकोन करून तो सुईच्या बाजूला चपट्या पकडीने धरा आणि तार घट्ट, एकाला एक चिकटून गुंडाळा. अंगठा तारेवर दाबून ठेवायचा आणि सुई फिरवायची. तार फिरवायची नाही, नाहीतर तिला पीळ पडतो. १.२२ मिमीच्या तारेचे १० सेंमीच्या स्प्रिंगमध्ये साधारण ८० वेढे बसतात.

सुईवरून काढताच स्प्रिंग किंचित सैल होते. म्हणून ४ मिमीच्या सुईवरची तांब्याची कडी ४ ची राहत नाही, ४.१ च्या आसपास भरते. स्टील याहून जास्त उलगडतं. सुईचा आकडा खरा मानू नका. स्प्रिंगचा बाहेरचा व्यास मोजा आणि त्यातून जाडीची दुप्पट वजा करा. ६.५५ वजा २.४४, म्हणजे ४.११.

आता कापणं. तार कापायच्या फ्लश कटरला एक सपाट बाजू असते आणि एक उतरती. स्प्रिंगचं पहिलं टोक सपाट बाजूने साफ करा, कटर उलटा करा, एक वेढा सोडून त्याच रेषेत कापा. म्हणजे प्रत्येक कडीला दोन काप लागतात: एक कडी सुटण्यासाठी आणि एक पुढच्या कडीचं टोक सपाट करण्यासाठी. हे टाळलं तर कडीचं एक टोक चपटं आणि दुसरं शेंडीसारखं टोकदार राहतं, ती कितीही मिटवली तरी फट दिसते आणि कपड्यात अडकते.

सोनाराच्या बारीक आरीने कापलेली कडी याहून सुबक. स्प्रिंग लाकडी पट्टीच्या खाचेत धरायची, आरीच्या पात्याला मेण लावायचं, आणि लांबीच्या दिशेने एका रेषेत कापत जायचं. दोन्ही टोकं सपाट येतात. वेळ जास्त लागतो, पाती तुटतात. चांदीच्या कामाला मात्र हाच मार्ग. कापताना चष्मा घाला, कटरने तुटलेला तुकडा नेमका डोळ्याकडेच उडतो.

कडी उघडायची आणि मिटवायची कशी? माझ्या कड्यांत फट राहतेच.

सांधा वर, घड्याळातल्या बाराच्या जागी धरा. एक पक्कड दहाच्या बाजूला, दुसरी दोनच्या बाजूला. उघडताना एक मनगट स्वतःकडे, दुसरं समोर: टोकं एकमेकांपासून बाजूला न जाता पुढे-मागे सरकली पाहिजेत. फट तारेच्या जाडीच्या दीडपट झाली की पुरे. टोकं बाजूला ओढून उघडलेली कडी पुन्हा कधीच गोल होत नाही.

मिटवताना बरोबर सांध्यावर थांबलात तर धातू मागे उसळतो आणि केसाएवढी फट राहते. म्हणून दोन्ही टोकं आत, एकमेकांकडे किंचित दाबत, सांध्याच्या थोडं पलीकडे न्या, मग परत आणा. टोकं एकमेकांना घासून सरकताना 'कर्र' असा बारीक आवाज येतो आणि पकडीत ते जाणवतं. तो आला की कडी मिटली. आवाज न येता मिटली तर दाब कमी पडला, परत करा.

तपासायला डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. नख सांध्यावरून दोन्ही बाजूंनी आडवं फिरवा. अडलं तर टोकं एका पातळीत नाहीत. पूर्ण साखळी झाली की जुना नायलॉनचा मोजा हातात घालून तिच्यावरून सरसर फिरवा. जिथे धागा ओढला जाईल तिथली कडी दुरुस्त करायची. आपल्या पदराने ही चाचणी घेऊ नका.

आधी नुसत्या पन्नास कड्या उघडा आणि मिटवा. कंटाळवाणं आहे, पण हात बसतो तो इथेच.

पहिली वीण कोणती घ्यावी?

बायझंटाइन. नाव भारदस्त आहे, पण तिची साखळी एका संध्याकाळी येते, दिसते अवघड, आणि एकाच मापाच्या कड्या लागतात.

निम्म्या कड्या आधी मिटवून ठेवा, निम्म्या उघडून. दोन मिटलेल्या कड्या सेफ्टी पिनमध्ये अडकवा. त्या दोन्हींतून एक उघडी कडी ओवून मिटवा, तिच्या शेजारून त्याच वाटेने दुसरी. आता दोन-दोन झालं. आणखी एक जोडी जोडा: दोन-दोन-दोन. इथपर्यंत साधी जोडसाखळी.

आता मुख्य गोष्ट. टोकाची जोडी मागे दुमडा: एक कडी डावीकडे, एक उजवीकडे, पिनेच्या दिशेने पडेल अशी. बोटांनी तशीच दाबून धरा. मधल्या जोडीच्या दोन कड्या हलकेच विलग करा. त्या फटीतून दुमडलेल्या दोन कड्यांच्या कडा डोकावताना दिसतील. नवी उघडी कडी त्या दोन्ही कडांखालून ओवा आणि मिटवा; तिच्या सोबत दुसरी. गाठ बसली. हिला कुलपाची जोडी म्हणू.

पुढे कुलपाच्या जोडीला एक जोडी, तिला आणखी एक, मग ती शेवटची दुमडा, पुन्हा कुलूप. म्हणजे एका फेरीला सहा कड्या. दुमडलेल्या कड्या पहिल्या दोन-तीन गाठींना निसटतात. तेव्हा बारीक तारेचा तुकडा त्यांतून ओवून तात्पुरता पीळ द्या.

माझी बायझंटाइन मध्येच वेगळी दिसते, असं का?

बहुतेक वेळा एक जोडी विसरलेली असते. कुलपानंतर दोनऐवजी एकच जोडी जोडून दुमडली की तिथे बॉक्स चेनचा तुकडा तयार होतो: चौकोनी, घट्ट. ती स्वतंत्र वीण म्हणून सुंदर आहे, पण मध्येच आली की खटकते. दुसरं कारण, कुलपाची कडी दुमडलेल्या दोनपैकी एकाच कडीतून गेली. अशा जागी गाठ एका बाजूला लोंबते. दर दोन गाठींनंतर साखळी हलकी ओढून बोटांत फिरवा; चारही बाजू सारख्या दिसल्या पाहिजेत. दहा गाठींनंतर चूक सापडली तर उलगडायला विणण्याइतकाच वेळ जातो.

एका साखळीला किती कड्या लागतील?

दुसऱ्याच्या आकड्यावर जाऊ नका. ५ सेंमीचा नमुना विणा, कड्या मोजा, त्रैराशिक मांडा. नमुन्यात ६० लागल्या तर १८ सेंमीला २१६, वर दहा टक्के वाया जाणाऱ्यांसाठी.

तारेचा हिशेब सोपा आहे: आतला व्यास आणि जाडी यांची बेरीज करा, तिला ३.१४ ने गुणा, तेवढी तार एका कडीला. ४.१ आणि १.२२ साठी १६.७ मिमी. २०० कड्यांना ३.३ मीटर, टोकं आणि चुका धरून ४ मीटर. या जाडीची तांब्याची तार मीटरला साधारण साडेदहा ग्रॅम भरते, म्हणजे १०० ग्रॅमच्या वेटोळ्यात दोन साखळ्या आरामात होतात.

मनगटाच्या मापाची केली तरी घट्ट का होते?

साखळी जाड असते म्हणून. मनगटाला तिची आतली बाजू लागते, माप मात्र मधल्या रेषेचं येतं. साखळीच्या जाडीच्या ३.१४ पट लांबी जास्त धरा. मनगट १६ सेंमी, साखळी ७ मिमी जाड, तर १६ अधिक २.२, वर हालचालीला एक सेंमी: १९.२ सेंमी, हूक धरून. बारीक साखळीला हा फरक कळतही नाही, जाड साखळीला हमखास नडतो.

युरोपियन चार-एकात जमत नाही. सुरू करतानाच गुंता होतो.

ही चिलखताची मूळ वीण. चपटी जाळी हवी असेल, पट्टा किंवा बटवा करायचा असेल तर हीच. एका उघड्या कडीत चार मिटलेल्या घालून मिटवा. टेबलावर पसरा: दोन डावीकडे, दोन उजवीकडे, मधली एक. असे दहा गट आधी तयार ठेवा. आता एका उघड्या कडीने एका गटाच्या उजव्या दोन आणि पुढच्या गटाच्या डाव्या दोन कड्या एकत्र घ्या. पट्टी वाढत जाईल.

गुंता होतो तो कडी आडवी पडल्यामुळे. चांगल्या जाळीत एका ओळीच्या सगळ्या कड्या एकाच बाजूला कलतात, पुढची ओळ उलट बाजूला. म्हणजे गव्हाच्या लोंबीसारखी. नवी कडी ओवताना शेजारच्या ओळीत जिथून खाली गेली तिथूनच खाली, जिथून वर आली तिथूनच वर. एक जरी उलटी गेली तर जाळी त्या जागी सुरकुतते आणि चपटी पडतच नाही.

या विणीला एक अक्ष ताणतो आणि एक ताणत नाही. पट्ट्याची लांबी ताणणाऱ्या दिशेला ठेवलीत तर घातल्यावर तो लांबतो आणि अरुंद होतो. काही जण मधल्या कड्यांच्या जागी रबराच्या ओ-रिंग घालतात. मग हूकच लागत नाही, बांगडीसारखी सरकवून घालता येते. रबर वर्ष-दोन वर्षांत कडक होतं, एवढं लक्षात ठेवा.

कानातल्यांसाठी हलकी, पण भरगच्च दिसणारी वीण?

जपानी बारा-दोनात. मोठ्या कड्यांची जोडी, तिच्याभोवती सहा शेजारी जोड्या, आणि दर दोन शेजाऱ्यांना बांधणाऱ्या दोन छोट्या कड्या. एका सहापाकळी फुलाला मोठ्या १४ आणि छोट्या २४ लागतात. मोठ्या १.२२ मिमी तारेच्या, ६ मिमी व्यासाच्या, छोट्या ०.९१ मिमी तारेच्या, ३.२ मिमी व्यासाच्या.

छोटी कडी ३ मिमीपेक्षा लहान घेऊ नका: तिच्यात मोठ्या कड्यांच्या चार तारा एकत्र मावल्या पाहिजेत, आणि चार तारांची जुडी साधारण जाडीच्या २.४ पट रुंद होते. तांब्याचं एक फूल सुमारे पाच ग्रॅम, अॅल्युमिनियमचं दीड. कानाच्या पाळीला फरक लगेच कळतो.

काळे मणी ओवता येतील का?

कडीतच ओवायचे तर मण्याचं भोक तारेपेक्षा मोठं हवं, आणि पोतीच्या मण्यांचं भोक १.२२ मिमीला पुरत नाही. त्यामुळे मणी ०.४ मिमीच्या तारेत ओवा, दोन्ही टोकांना डोळे वळवा आणि ते डोळे बायझंटाइनच्या तुकड्यांच्या शेवटच्या जोडीला अडकवा. चार मणी, तीन गाठी, चार मणी. मात्र डोळा वळवून टोक दोन वेढे गुंडाळा, नुसता वाकवलेला डोळा पहिल्या ओढीत उघडतो.

हात हिरवा होतो. विषारी आहे का?

नाही. तांबं आणि घाम मिळून झालेले क्षार आहेत, साबणाने जातात. पारदर्शक नेलपॉलिश लावायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो चेनमेलला लागू नाही. कड्या एकमेकींवर घासतात, थर सोलतो, आणि सोललेला थर सांध्यांत अडकतो.

खाज येत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे निकेलचा संशय घ्या. बाजारातल्या 'जर्मन सिल्व्हर'मध्ये चांदी अजिबात नसते. तांबं, निकेल आणि जस्त असतं. निकेल सोसत नसेल त्यांनी टायटॅनियम, नायोबियम किंवा ९२.५ टक्क्यांची चांदी घ्यावी.

स्वच्छ कशी करायची?

तांबं आणि पितळ: चिंचेचं पाणी किंवा लिंबू आणि मीठ, दोन-तीन मिनिटं. मग भरपूर पाणी, मग चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवून परत धुवा. आंबट गाठींत राहिलं तर दुसऱ्या दिवशी हिरवं येतं. हेअर ड्रायरने आतपर्यंत वाळवा. भांड्यांची पावडर वापरू नका, ती कड्यांच्या पोटात बसते. तांबं बुडवून झालेल्या आंबट पाण्यात स्टीलची साखळी आणि पितळ एकत्र टाकलंत तर पितळ गुलाबी होऊन बाहेर येईल: पाण्यातलं तांबं त्यावर चढतं.

रंगीत अॅल्युमिनियमला आंबट नको आणि धुण्याचा सोडा तर मुळीच नको, रंगाचा थरच विरघळतो. कोमट पाणी, सौम्य साबण, बस.

मुद्दाम काळसर, जुनाट रंग हवा असेल तर चांदी किंवा तांब्याची साखळी उकडलेल्या, गरम असतानाच कुस्करलेल्या अंड्यासोबत झिप पिशवीत ठेवा. साखळी अंड्याला चिकटू देऊ नका. अर्ध्या-एक तासात गंधकामुळे काळपट होते. नंतर वरची धार पुसून काढली की गाठींतला काळेपणा उठून दिसतो.

बोटं आणि मनगट दुखतं.

पक्कड चुकीची किंवा तार जास्त जाड. पक्कड मुठीत आवळू नका. ती धरायला आहे, वळवायचं काम मनगटाचं. वीस मिनिटांनी थांबा. १६ नंबरचं स्टील पहिल्या महिन्यात हातात घेऊच नका.

मुलांना शिकवता येईल का?

दहा-अकरा वर्षांच्या पुढे, मऊ अॅल्युमिनियमच्या मोठ्या कड्यांनी. कापण्याचं काम मोठ्यांनी करून द्यावं. घरात तान्हं बाळ असेल तर सुट्या कड्या झाकणाच्या डब्यात.

हूक कोणता लावावा?

साखळीच्याच तारेचा एस हूक सगळ्यात सोपा: ४ सेंमी तार, दोन्ही टोकं कानशीने गोल, उलटसुलट वळवायची, एक बाजू पूर्ण मिटवायची, दुसरी तारेच्या जाडीएवढी उघडी. मग लाकडाच्या हातोडीने हलके ठोके द्या. तार कडक होते आणि हूक पसरत नाही. तयार लॉबस्टर हूक बारीक कडीने लावलात तर साखळी टिकेल आणि ती एकच कडी उघडेल. तिथे कड्या नेहमी दोन घाला.

विकायला ठेवल्या तर भाव कसा लावू?

धातू तोलून, हूक आणि डबी मोजून, वर तास. तासांत कड्या करायचा वेळही धरा, तो सगळे विसरतात. २०० कड्यांच्या बायझंटाइनला नवशिक्याला विणायलाच तीन-चार तास लागतात. आणि विकलेल्या प्रत्येक साखळीबरोबर त्याच मापाच्या चार सुट्या कड्या द्या. गिऱ्हाईक दुरुस्तीला आलं की तीच जाडी, तोच व्यास पुन्हा जुळवत बसावं लागत नाही.